हारांच्या वहीतले पाचशे बहात्तर

वर्तकनगर, ठाणे
शुक्रवार, पाचवी माळ (२६ सप्टेंबर)

तीर्थस्वरूप विश्राममामांच्या पायांशी भाचा सलिल याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग फक्त कागदावर, प्रत्यक्षात कंबर धरली आहे, का ते पुढे येईलच).

आधी तब्येतीची चौकशी करतो, कारण एकदा कारखान्याचं सुरू केलं की ती राहून जाईल. सुमतीमामीचा गुडघा काय म्हणतो? डोंबिवलीच्या त्या नव्या डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं आणि स्वतःचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर ठेवला, हे मामीने सांगितलं तेव्हापासून आमच्याकडे रोज कोणी ना कोणी त्यावर हसतं. तुमची साखर आटोक्यात आहे असं मामी म्हणते. तुम्ही चहात साखर घेत नाही हे ती अभिमानाने सांगते, पण चहाबरोबर काय काय घेता ते सांगत नाही. इकडे सगळं उत्तम. प्रीती बारावीच्या अभ्यासात आहे (निदान दार तरी बंद असतं) आणि हेमा मजेत आहे. घरी मी तुम्हाला अरे मामा म्हणतो, पण कारखान्याबद्दल लिहायला बसलो की आपोआप ‘तुम्ही’ येतं. अकरा वर्षं तुमच्या हाताखाली काढली त्याचा परिणाम असावा. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग तुमच्या अख्ख्या मजल्याला माझी खुशाली कळते. हेमा उद्या तिच्या बहिणीकडे डोंबिवलीला यायची आहे, तिच्याचबरोबर हे पाकीट देतो.

तर मामा, आपल्या वागळे इस्टेटच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मोठी उलथापालथ चालली आहे. कारखाना हैदराबादच्या ग्रुपने घेतला हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी आधी गेटवरची पाटी बदलली, मग कँटीनचा चहा बदलला (बिघडवला म्हणत नाही, खाल्ल्या मिठाला जागतो) आणि आता कॉम्प्युटरमधली सिस्टिम बदलायला काढली. म्हणजे कारखान्यातलं प्रत्येक यंत्र, मोटर, पंखा, कपाट आणि खुर्ची यांची जुन्या सिस्टिममध्ये जी नोंद आहे ती उचलायची आणि हैदराबादच्या नव्या सिस्टिममध्ये नेऊन ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. घर बदलताना आपण भांडी मोजून टेम्पोत चढवतो आणि मोजून उतरवतो, तसंच. फरक इतकाच की इथे भांडी जागच्या जागी राहतात, टेम्पोतून नुसती यादी जाते, आणि तरीही उतरवताना कमी भरते. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीत सगळ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं तेव्हा माझा मोबाइल चार्जिंगला होता. अट अशी की तीस सप्टेंबर, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत, कॉम्प्युटरमधला आकडा आणि जमिनीवरचा आकडा एक झाला पाहिजे. झाला तर स्टोअर्सचं ऑफिस ठाण्यात राहील. नाही झाला तर ठाण्याला आपली यादी सांभाळता येत नाही असं धरून ऑफिस, त्यातली कपाटं आणि मी, अशी सगळ्यांची रवानगी हैदराबादला.

हैदराबादबद्दल माझ्या मनात काही नाही. चांगलं शहर आहे म्हणतात. पण दुपारी एक दहाला मी स्कूटर काढतो, एक वीसला घरी पोचतो, गरम पोळी खातो आणि दोनला पाच कमी असताना परत गेटवर हजर असतो. चोवीस वर्षं हे चाललं आहे. लग्नाआधी आई वाढायची, आता हेमा तिच्या शिकवण्या एक वाजता संपवते आणि आम्ही दोघं बरोबर जेवतो. तिने तव्यावरून थेट पानात टाकलेली पोळी आणि त्याबरोबर तिच्या वर्गातल्या एखाद्या कार्ट्याची गोष्ट, एवढंच असतं. मला बढती मिळाली नाही, कंपनीने कधी परदेशी धाडलं नाही, पण दुपारचं जेवण घरी मिळालं. मामा, खरं सांगतो, मी सुखी माणूस आहे, आणि हैदराबादहून वर्तकनगरला दहा मिनिटांत येता येत नाही.

कामासाठी त्यांनी उर्वी नावाची एक मुलगी पाठवली. तिचं वय माझ्या नोकरीइतकं. हातात एक स्कॅनर, पाठीला बॅग, आणि चालण्याचा वेग असा की पहिल्याच दिवशी मी तिच्यामागून शेडभर अक्षरशः धावलो. ‘काका, तुमचा मास्टर डेटा कुठे आहे?’ हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मास्टर डोंबिवलीला असतात, डेटा इथे आहे. कारण नव्याण्णव साली तो सगळा डेटा तुम्हीच उजव्या हाताच्या एका बोटाने भरला होता. (ते बोट अजून दुखतं का? मामी मध्यंतरी म्हणत होती.) तिने जुना कॉम्प्युटर उघडला तर नोंदी निघाल्या सहाशे चौदा. मग आम्ही दोघं कारखाना पायी फिरलो, प्रत्येक यंत्राखाली वाकून, कपाटांमागे डोकावून. माझी कंबर गेली ती याच फेरीत. जमिनीवर भरल्या पाचशे एकाहत्तर वस्तू. म्हणजे त्रेचाळीस वस्तू कागदावर आहेत आणि डोळ्यांना दिसत नाहीत. उर्वी म्हणाली, बाकी ठिकाणी याहून वाईट असतं. ती हे सगळ्यांनाच सांगत असणार, पण मला बरं वाटलं.

आता भिवाचं सांगतो. जागेच्या रकान्यात तुम्ही एकोणचाळीस यंत्रांपुढे ‘भिवाजवळ’ असं लिहिलं होतं. त्या काळी ते अगदी बरोबर होतं. भिवा टूलरूमच्या दारात स्टुलावर बसायचा आणि तो तिथून हलेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पण २०१६ पासून त्याला गेटवर बसवलंय. उर्वीला काय ठाऊक, तिला वाटलं भिवा ही एखादी शेड असेल, म्हणून तिने नव्या सिस्टिममध्ये भिवा नावाची इमारत उघडली, मजले किती या रकान्यात एक लिहिलं आणि एकोणचाळीस यंत्रं तिच्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी हैदराबादहून विचारणा आली की या इमारतीला आग विझवण्याची सोय आहे का. मी उर्वीला गेटवर नेऊन इमारत दाखवली. इमारत तंबाखू मळत होती. तिने बिचारीने कान पकडले, पण भिवाला मात्र गोष्ट फार आवडली. ‘म्हंजे मी रिटायर झालो का मला पाडाय लागंल,’ असं तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. नव्या सिस्टिममधून इमारत काढून टाकायला तीन सह्या लागतात, त्यातल्या दोन झाल्या आहेत.

यापुढचा घोटाळा माझा आहे, तो तुमच्यावर ढकलत नाही. नव्या सिस्टिमला प्रत्येक वस्तूची बसवल्याची तारीख लागतेच, रकाना रिकामा सोडला तर ती पुढे सरकत नाही. आपल्याकडे दोनशे आठ यंत्रांची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. उर्वी रजेवर होती, मी एकटाच खुर्चीत होतो, आणि मला आपले जुने हेडमास्तर लोक आठवले. मुलाची जन्मतारीख आईबापांना सांगता आली नाही की ते बेधडक एक जून लिहायचे. तुमची एक जून, बाबांची एक जून, भिवाचीही एक जूनच. मीही मग दोनशे आठ यंत्रांना १ जून १९९८ या तारखेवर शाळेत घातलं आणि समाधानाने घरी जेवायला गेलो. चार दिवसांनी सिस्टिमची चाचणी झाली. तिने हिशोब केला की या सगळ्यांची वार्षिक तपासणी पुढच्या एक जूनला सकाळी नऊ वाजता आली पाहिजे, आणि त्यासाठी दोनशे आठ फिटर मागितले. आपल्याकडे फिटर तीन, त्यातला एक गणपतीला गावी गेलाय तो अजून आलेला नाही. वर हैदराबादच्या एका अधिकाऱ्याने फोन करून माझं अभिनंदन केलं, की एका दिवसात दोनशे आठ यंत्रं बसवणारा ग्रुपमधला दुसरा कारखाना त्याला माहीत नाही. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

यंत्रांच्या पाट्यांवर तारखा असतील म्हणून त्या वाचायला गेलो, तर पाट्याच दिसेनात. तीस-पस्तीस खंडेनवम्यांचं हळदकुंकू त्यांच्यावर बसलं आहे. आपल्या लोकांचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे, यंत्राला बोट लावायचं ते पाटीवरच, कपाळ समजून. उर्वीचा स्कॅनर काही वाचेना. मी थिनर आणि ब्रश घेऊन बसलो आणि उत्साहाच्या भरात अकरा पाट्या अशा लख्ख केल्या की हळदकुंकवाबरोबर नंबरही निघून गेले. बाराव्या यंत्राजवळ फिटर लोक येऊन उभे राहिले. मी ब्रश खाली ठेवला. शेवटी तह असा झाला की नवं स्टिकर डाव्या बाजूला आणि हळदकुंकू उजव्या बाजूला. ठरल्यावर सगळ्यांनी मिळून तो बिघडलेला चहा घेतला.

एवढं होईतो महिना संपत आला. आकडा त्रेचाळीसवर अडलेला, तारखा सगळ्या एक जून, आणि अकरा यंत्रं बेवारशी. घरी मी काही बोललो नाही, पण दोन पोळ्यांवर आलो होतो (एरवी चार), त्यावरून हेमाने ओळखलंच असावं. सोमवारी घट बसले आणि त्याच दिवशी फुलवाला खंडेनवमीची ऑर्डर घ्यायला गेटवर आला. मी शेजारी उभा होतो. भिवाने स्टुलाखालून एक फाटकी वही काढली, बोट फिरवलं आणि सांगून टाकलं: मोठे हार एकशे बारा, लहान हार दोनशे शहाण्णव, सुटी फुलं एकशे त्रेसष्ट. मी मनातल्या मनात बेरीज केली, खात्रीसाठी पुन्हा केली. पाचशे एकाहत्तर!

मामा, ही तुमची वही. एक्याण्णव साली एका ड्रिलला हार पोचला नाही, पुढच्याच आठवड्यात त्याचा पट्टा तुटला आणि त्यावरचा फिटर तुमच्याशी महिनाभर बोलला नाही, म्हणून तुम्ही ती घातली होतीत. लेथला आणि कॉम्प्रेसरला मोठा हार, मोटरला आणि पंख्याला लहान, टेबलखुर्चीकपाटाला एक फूल. शेडच्या कुठल्या टोकाला सुरुवात करायची आणि कुठल्या रांगेने जायचं तेही लिहिलेलं. तुमच्यानंतर भिवाने एकही वर्ष चुकवलं नाही. उर्वीला मी ती वही दाखवली तर ती गेटवरच फतकल मारून बसली आणि दोन तास उठली नाही. यंत्राला पहिला हार ज्या वर्षी, त्या वर्षी ते बसलं, झाल्या तारखा. हार घालायची रांग ठरलेली. झाल्या जागा, अकरा बेवारशी यंत्रंसुद्धा ओळखली. आणि हार ज्या वर्षी थांबला तिथे तुमच्या नाहीतर भिवाच्या अक्षरात ‘भंगारात’ असा शेरा. असे शेरे बेचाळीस. भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. लिहायला लाजत नाही.

बुधवारी हैदराबादच्या मोठ्या साहेबांबरोबर व्हिडिओ बैठक झाली. त्यांनी विचारलं, या आकड्यांना आधार काय? मी घाम पुसत होतो. उर्वी शांतपणे म्हणाली, १९९१ पासून अखंड चालू असलेलं वार्षिक प्रत्यक्ष तपासणीचं रजिस्टर आहे आणि दरवर्षी बाहेरच्या व्हेंडरकडून त्याची पडताळणी होते. (फुलवाला मागितले तेवढेच हार मोजून देतो, ही पडताळणीच झाली की नाही?) साहेब इतके खूश झाले की सगळ्या कारखान्यांनी असं रजिस्टर ठेवावं म्हणाले. त्यामुळे तुमच्या वहीचा नमुना आता ग्रुपभर जाणार आहे. वहीच्या मुखपृष्ठावरच्या लक्ष्मीचं काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

तर असं सगळं मार्गी लागलं आहे. सहाशे चौदातून बेचाळीस भंगार वजा जाता राहिले पाचशे बहात्तर. जमिनीवर पाचशे एकाहत्तर. एकाचाच काय तो फरक आहे आणि तो मंगळवारपर्यंत निघेल. काळजीचं कारण नाही. मामीला नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा
सलिल

ता. क. काळजीचं कारण आहे. ती एक वस्तू म्हणजे नंबर ४१७, टेबल, सागवानी, ड्रॉइंग ऑफिस. वहीत २००३ पर्यंत त्याला एक फूल आहे. २००४ ला फूल नाही, ‘भंगारात’ असा शेराही नाही, तुमच्या अक्षरात नुसती एक आडवी रेघ आहे. मामा, तुम्ही आमच्या लग्नात आहेर म्हणून जे टेबल दिलंत, ज्यावर आम्ही रोज जेवतो, ते हेच. ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले, टेबल बाहेर पावसात पडलं आणि मॅनेजर म्हणाले विश्राम घेऊन जा, हे मला ठाऊक आहे. भिवाने आणि मीच ते टेम्पोत चढवलं होतं. पण तुम्ही हेमाला सांगितलंत की भिवंडीच्या सुताराकडून खास भाचेसुनेसाठी करून घेतलं. एकवीस वर्षं ती प्रत्येक पाहुण्याला त्या सुताराबद्दल सांगते आहे आणि मी मान डोलावतो आहे. खोटं ‘भंगारात’ लिहायला माझा हात होत नाही. टेबल खरं दाखवावं तर हेमाला खरं सांगावं लागेल. काल उर्वी आमच्याकडे जेवायला आली होती. तिने टेबलावर हात ठेवून ‘काय लाकूड आहे!’ म्हटलं. मी दही आणायच्या निमित्ताने उठलो तो दुकानातच वीस मिनिटं काढली.

ता. ता. क. म्हणून खरी विनंती ही: हेमाला हे तुम्ही सांगा. उद्या ती पाकीट द्यायला येईल तेव्हाच, मामीसमोर, चहा झाल्यावर. मॅनेजरांनी तोंडी परवानगी दिली होती असं दोन ओळींत लिहूनही द्या. हैदराबादला तोंड देईन, पण हे माझ्याच्याने होत नाही. पाकीट नीट चिकटवलं आहे.

मामा, नमस्कार. हेमा लिहिते आहे. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. सलिलने गोंद लावला तो आतल्या कागदाला.

टेबलाचं मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ठाऊक आहे. फराळाआधी साफसफाईला खाली शिरले तर पितळेची पट्टी आणि तिच्यावर ४१७. भिवंडीचा सुतार नंबर कशाला ठोकेल? बोलले नाही, कारण तुम्ही मायेने दिलं होतं आणि टेबल खरंच चांगलं आहे. शिवाय पाहुण्यांसमोर मी त्या सुताराचं कौतुक करते तेव्हा सलिलच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. ते बघायला मला आवडतं. दरवेळी मी सुताराबद्दल थोडं वाढवून सांगते. आता त्याला तीन मुली आहेत.

काल तो दह्याला गेला आणि उर्वीचा चमचा खाली पडला. ती महिनाभर प्रत्येक वस्तूखाली बघते आहे, सवयीने वाकली ती बाहेरच येईना. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिने तिथेच स्टिकर लावलं. जागेच्या रकान्यात वर्तकनगर लिहिलं आणि हैदराबादला विचारलं. ‘कर्मचाऱ्याच्या घरी वापरात’ असा प्रकार त्यांच्याकडे आहे म्हणे, साहेबांचे सोफे त्यातच बसतात. पाचशे बहात्तर भरले. सलिलला मंगळवारपर्यंत सांगायचं नाही असं मीच तिला बजावलं आहे.

फक्त एक फॉर्म बाकी आहे. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही लागते आणि तिथे उर्वीने माझं नाव घातलंय. वस्तू कोणत्या कामासाठी वापरात आहे, या रकान्यात मी ‘सलिलला जेवायला’ असं लिहिलं. सही अजून केलेली नाही. तुम्ही मला काही सांगू नका आणि त्याला काही कळवू नका. तो स्वतःच्या तोंडाने सांगतो का बघू दे. एकवीस वर्षं थांबले, मंगळवारपर्यंत थांबायला मला काही जड नाही.